बोल्ट, वॉशर, नट आणि जोडीरावचं इंग्रजी

आमच्या पत्र्याच्या कारखान्यात पिंपांची झाकणं पाडणारी एक प्रेस होती. एकोणीस वर्षं ती एकाच माणसानं चालवली. त्याला सगळे जोडीराव म्हणत. नाव उशिरा पडलं, का पडलं ते पुढं येईल. मी तिथं फिटर होतो. आता घरी असतो.

एके दिवशी साहेबांनी सांगितलं, जुनी प्रेस भंगारात जाणार. चौदा महिन्यांनी बाहेरून नवी हायड्रॉलिक प्रेस येणार. ती चालवणाऱ्याकडं बनवणाऱ्या कंपनीचा दाखला हवा. कंपनीची ट्रेनर येईल, मशीनजवळ उभी राहून तोंडी परीक्षा घेईल. इंग्रजीत. मध्ये दुभाषा नाही. जोडीराव पास झाला तर प्रेस त्याची. नापास झाला तर गोदामात पिंपं लोटायची.

जोडीराव सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजीत सही येत होती, तीही घाईत चुकायची.

पहिले तीन महिने त्यानं सगळे करतात तेच केलं. डिक्शनरी आणली, रोज दहा शब्द पाठ केले. कष्टाला कमी पडला नाही, हे मी पाहिलंय. पण नव्या प्रेसचं मॅन्युअल आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य एकही नाही.

"पुट म्हणजे ठेवणे," तो मला म्हणाला. "मग पुट ऑन म्हणजे घालणे कसं? पुट आउट म्हणजे विझवणे कसं? आणि पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणे!"

"बारा गावचं पाणी प्यायलेला शब्द आहे तो," मी म्हणालो.

एक गंमत सांगतो. मॅन्युअलमध्ये होतं, दर आठवड्याला फिल्टरचं इन्स्पेक्शन 'कॅरी आउट' करा. डिक्शनरीत कॅरी म्हणजे वाहून नेणे, आउट म्हणजे बाहेर. जोडीरावनं सराव म्हणून जुन्या प्रेसचा फिल्टर दोन शनिवार खांद्यावरून बाहेर अंगणात नेला आणि तिथं तपासला. साहेब खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं, उजेडासाठी नेतोय. दुसऱ्या शनिवारी त्याला फिल्टरवर चीर दिसली, म्हणून शाबासकीही मिळाली. खरा अर्थ नुसता 'पार पाडा' एवढाच, हे कळल्यावर त्यानं ती शाबासकी परत करायचा विचार केला. मी थांबवलं.

त्याचा घोटाळा सुटला तो त्याच्या घरी. त्याची बायको शिवणकाम करायची. मी गेलो तेव्हा ती ब्लाउजला बाही लावत होती आणि हा कपाळाला हात लावून बसला होता.

"भाऊजी, सांगा यांना काहीतरी," ती म्हणाली. "इंग्रजांवर रुसलेत."

"सरळ बोलतच नाहीत ते!" जोडीराव म्हणाला. "टेक म्हणजे घेणे. मग रीडिंग टेक, पण चेक मेक नाही, चेक डू. नोट मात्र मेक. कुणी ठरवलं?"

वहिनी मशीन थांबवून म्हणाली, "अहो, आपण तरी कुठं सरळ बोलतो? तुम्ही हाक मारता, गप्पा मारता, कामाला दांडी मारता. मी दिवसभर टीप मारते. कुणाला लागलंय का आजवर? मारणं एकटं घेऊन बसलात तर सगळ्या घराला पोलीस नेतील."

जोडीरावनं उठून डिक्शनरी फळीवर ठेवली. परत काढली नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. मशीन खोललं की ज्या जोडाचा बोल्ट, त्याचाच वॉशर, त्याचाच नट, तिन्ही एका कापडी पिशवीत बांधायचे आणि वर चिठ्ठी लावायची. सगळे बोल्ट एका डब्यात टाकणारा फिटर आळशी समजावा. जोडीरावनं इंग्रजी तसंच बांधायला घेतलं. क्रिया म्हणजे बोल्ट. पुढचं ऑन, ऑफ, आउट, अप म्हणजे वॉशर. वस्तू म्हणजे नट. 'टेक ऑफ द कव्हर' एक पिशवी. 'टॉप अप द ऑइल' दुसरी. "वॉशर एवढासा, म्हणून लोक विसरतात," तो म्हणायचा. "आणि गळती तिथूनच होते." ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं या शब्दांचं आहे, असं त्याचं मत झालं. तेव्हापासून तो जोडीराव.

बोल्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यानं पत्ते केले. पुढं इंग्रजी. मागं मराठी अर्थ नाही, तर काम: कुठला व्हॉल्व्ह, कुठला हात, किती फिरवायचं. नियम कडक. हातानं काम करताना तोंडानं म्हणायचं, पाच वेगळ्या दिवशी. मगच पत्ता डब्यात. चारदा झालेला पत्ता खिशातच. परीक्षेच्या आठवड्यात डब्यात सहाशे बारा होते, खिशात नऊ. मी म्हणालो, नऊ टाक की आत, कोण बघतंय? त्यानं खिशाचं बटण लावलं.

कारखान्यात टिंगल भरपूर झाली. "जोडीराव, पोपटपंची कुठवर आली?" घरीही. नळ वाहताना तो 'टर्न ऑफ द टॅप' असं पाचव्यांदा म्हणायला लागला की वहिनी ओरडायची, "अहो, आधी बंद करा, मग म्हणा!"

नवी प्रेस आली, बसली. ट्रेनर बाई आली. उंच, पांढऱ्या केसांची, हातात वही. साहेब, मी आणि दोघे तिघे लांब उभे. मला तेव्हा इंग्रजी कामापुरतं कळत होतं. राहिलेलं साहेबांनी नंतर सांगितलं.

आता एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. जोडीराव सगळं इंग्रजी मॅन्युअलमधून शिकलेला. मॅन्युअल विनंती करत नाही, हुकूम सोडतं.

बाई हसून पुढं आली. जोडीराव म्हणाला, "पुट ऑन युवर हेल्मेट."

बाईनं हेल्मेट घातलं.

"स्टँड बिहाइंड द यलो लाइन."

ती पिवळ्या पट्ट्यामागं गेली. साहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात चहा आला. जोडीरावनं पाहुणचार म्हणून कप तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "चेक फॉर लीक्स." बाईनं कप उचलून खालून बघितला. गंभीरपणे. मी मान वळवली, नाहीतर माझंच प्रेशर सुटलं असतं.

परीक्षा सुरू झाली. मशीन सुरू करणं, बंद करणं, झाकण पाडणं, सगळं बोलत बोलत केलं. एक वॉशर निसटला नाही. मग बाईनं वही मिटली आणि विचारलं, जुन्या प्रेसला गळती लागली होती तेव्हा तू काय केलं होतंस, सांग.

जोडीरावचा हात खिशातल्या पत्त्यांकडं गेला. काय केलं होतं ते त्याला मराठीत तासभर सांगता आलं असतं. पण मॅन्युअल फक्त काय करा ते सांगतं, काय केलं ते नाही. तसला एकही पत्ता त्याच्याकडं नव्हता. बाई थांबली. साहेब बूट बघत होते. मला गोदामातली पिंपं दिसायला लागली.

मग त्यानं बाकावरचा पान्हा उचलला आणि बाईच्या हातात दिला.

"ऑइल लीक," तो नव्या प्रेसच्या नळीकडं, जणू तिथंच गळतंय असं, बोट दाखवून म्हणाला. "शट डाउन द पंप."

बाईला कळलं. तिनं पंप बंद केला. आपण काय केलं ते सांगता येत नाही, तर तिच्याकडूनच करून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"वाइप ऑफ द ऑइल. लुक फॉर द लीक." तिनं पुसलं, वाकून बघितलं. आणि त्यानं पुढचं म्हणायच्या आतच पान्हा नळीच्या नटाला लावला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अजून चाळिसावर होता. त्या दाबाचं तेल सुईसारखं हातात शिरतं.

"अहो बाई, हात!" जोडीराव ओरडला. मराठीत. सगळा कारखाना वळला.

बाईचा हात जागीच थांबला.

मग जोडीराव इंग्रजीत म्हणाला, "टेक अवे युवर हँड. लेट आउट द प्रेशर. वेट फॉर झीरो. देन टाइटन अप द नट." चारही पिशव्या जागच्या जागी.

तिनं हात काढला, दाब सोडला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबली, मग नट आवळला. पान्हा ती मुळात फिरवणारच नव्हती. सगळीकडं ती हीच चूक मुद्दाम करते आणि समोरचा काय करतो ते बघते, असं साहेब म्हणाले.

जोडीरावला ते माहीत नव्हतं. तो खाली मान घालून उभा. आपण मराठीत ओरडलो, संपलं, असं त्याला वाटत होतं.

बाईनं साहेबांना सांगितलं, "पहिलं वाक्य मला कळलं नाही, पण हात थांबला. दुसऱ्यानं का थांबायचं ते कळलं. मला दोन्ही हवी होती." आणि तिथंच, प्रेसच्या टेबलावर, दाखल्यावर सही केली. खाली शेरा लिहिला: हा माणूस आमच्या मॅन्युअलसारखा बोलतो, त्याचं ऐकत जा.

आम्ही टाळ्या वाजवल्या. जोडीरावनं दाखला वाचला, शेरा दोनदा वाचला आणि मला हळूच विचारलं, "गड्या, काय केलं होतं ते सांगायचं इंग्रजी कशात मिळेल?"

सोमवारी सकाळी सात वाजता त्यानं नवी प्रेस सुरू केली. पहिलं झाकण पडलं. कडा मोजली, मापात नव्हती, भंगारात टाकलं. दुसरंही टाकलं. तिसरं दोनदा मोजून ठेवलं.