काटेवाल्या मामांच्या लेकी

गंगाखेडच्या धान्याच्या मोंढ्यात मामांएवढ्या लेकी सासरी पाठवणारा बाप दुसरा झाला नाही, आणि त्यांना पोटची लेक एकही नव्हती. लेकी म्हणजे त्यांचं भाड्यानं द्यायचं सामान. माल तोलायचे काटे, पोती वाहायच्या ढकलगाड्या, थप्पीला लावायच्या शिड्या, पोत्यांखाली घालायच्या फळ्या, वरून टाकायच्या ताडपत्र्या. आडत्याच्या गोदामाला जे लागेल ते त्यांच्याकडे मिळे. म्हणून सगळा मोंढा त्यांना काटेवाले मामा म्हणे. मोठा काटा ही थोरली, हिरवी ताडपत्री ही धाकली. बाहेर पाठवताना प्रत्येकीला कुंकू लावत आणि नेणाऱ्याला बजावत, "चाकाला तेल घाला. ओलीत ठेवू नका. लाडात वाढलेली हाय."

वाटेत कुणी भेटलं तर त्याची खुशाली ते शेवटी विचारत. आधी, "थोरली कशी हाय?" एका दुकानात मुनीमजी जेवण झाल्यावर काट्यावरच आडवे झालेले दिसले. मामांनी त्यांना हलवून उठवलं. "लेक कामाला दिली, तुमच्या ढेरीखाली न्हाई," म्हणाले, आणि काटा तिथून परत आणला. दुसऱ्या एका आडत्यानं थप्पीला लावलेल्या शिडीवरच धोतरं वाळत घातली होती. मामांनी ती नीट घडी करून गादीवर ठेवली, शिडी खांद्यावर घेतली आणि चालू लागले. आडत्या मागून ओरडला, "अहो मामा, वर हमाल हाय! तो उतरणार कसा?" मामा मागं न बघता म्हणाले, "धोतरं बांधून."

नामांतराची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद. सकाळी उघडलेला मोंढा दुपारी मिटेल की काय याचा भरवसा नव्हता, आणि पावसाचंही तसंच. कुणी शंभर पोत्यांची तयारी करावी तर दहा यायची, कुणाच्या दारात अचानक बैलगाड्यांची रांग लागायची. अशा दिवसांत सामान विकत घेऊन कोण अडकून पडणार? मामा म्हणत, "उद्याचा मोंढा कुणी बघितलाय? लागंल तेवढं न्या, न्हाई लागलं की आणून टाका." माल वाढला तर निरोपासरशी आणखी फळ्या येत, कमी झाला तर अर्ध्या परत घेत, तोंड वाकडं न करता. दुकानाला कुलूप असेल त्या दिवसाचं भाडंच नाही. किती लहान आडते त्यांच्या जिवावर उभे राहिले. त्यांत आम्हीही होतो.

अट एकच. नागपंचमीला सगळ्या लेकी माहेरी. आदल्या दिवशी मामा बैलगाडी जुंपून मुराळी होऊन निघत आणि दुकानोदुकानी जाऊन सामान गोळा करत. अंगणात नेऊन तेलपाणी, ठिगळं, पुरणाच्या दिंडांचा नैवेद्य, आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवणी. यातून कुणालाही सूट नव्हती. मामी कपाळाला हात लावत. "लोखंडाला पोरी म्हणायलाय हा माणूस! मी काय बोलू?" पण दिंडं त्याच करत, आणि मोजून एकेकीला एकेक.

एका वर्षी ह्यांनी माझ्या पाटल्या मोडून ज्वारी घेतली. बंदामुळं गिऱ्हाईक नाही. घरामागचं पत्र्याचं गोदाम गळत होतं, आणि ज्वारी कोरडी होती ती फक्त धाकलीमुळं. पंचमीच्या आदल्या दिवशी झड लागलेली. हे गिऱ्हाईक शोधायला परभणीला गेले होते. दारात मामांची बैलगाडी थांबली.

मी तोवर परक्या माणसाशी दाराआडून हो-नाही एवढंच बोललेली. मामा सरळ गोदामात शिरून दोऱ्या सोडू लागले. एक सुटली, दुसरी सुटली. ताडपत्रीचा कोपरा दुमडला तसा पत्र्यातून पहिला थेंब पोत्यावर पडलेला मला दिसला, आणि तोंडातून निघूनच गेलं, "मामा, एवढ्या झडीत कुणी लेकीला नेतं का? भिजंल, आजारी पडंल."

मामांचा हात थांबला. त्यांनी पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आन् तुला न्यायला कोण आलं?"

आई गेल्यापासून माहेराहून, पालमहून, कुणी आलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

मामांनी दोऱ्या पुन्हा बांधल्या, पहिल्यापेक्षा घट्ट. म्हणाले, "यंदा धाकली सासरीच राहू दे. पण मुराळी रिकामा परत जात न्हाई. सासूला इचार आन् बस गाडीत."

सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इचारायचं काय त्यात? जा की गं!"

काटे, शिड्या आणि ढकलगाड्यांच्या मधोमध, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी माहेरी गेले. मामींनी थोरलीच्या शेजारी पाट मांडला आणि मलाही कुंकू लावलं. दिंडं मात्र मला दोन वाढली. ज्वारीला त्यानंतर पाण्याचा थेंब लागला नाही. मोंढा उघडल्यावर ती विकली गेली, पाटल्याही पुढं झाल्या.

त्यानंतर दरवर्षी मामा यायचे, आधी माझं बोचकं गाडीत ठेवायचे, मग धाकलीला. आता मामा नाहीत. मोंढ्यात ज्याचा त्याचा काटा आहे. मामींनी बाकीचं सामान देऊन टाकलं, धाकली तेवढी माझ्याकडं ठेवली. तिच्या अंगावर आता मूळ कापडापेक्षा ठिगळंच जास्त. पंचमीच्या आदल्या दिवशी मी तिची घडी काखेत मारते आणि चालत मामींच्या दारी जाते. मामींना आता नीट दिसत नाही. पावलं वाजली की त्या आतूनच विचारतात, "आल्या का गं दोघी?"