गाडीवाटेखालची खडी

मंडळी, माझ्या घराचं जोतं, विहिरीचं बांधकाम, देवळापुढची फरसबंदी, सगळं मी कोणाकडे न शिकता या हातांनी केलं आहे. म्हणून आजचं सांगतो.

बोटीवरच्या नोकरीवरून परतलेल्या शेजारच्या सदाने गावातली पहिली मोटार आणली आणि तिच्यासाठी अंगणापर्यंत चिऱ्यांची गाडीवाट करायला घेतली. मी म्हटलं होतं, "सदा, गाडीवाटेच्या चिऱ्यांखाली धुतलेली काळी खडीच घाल. जांभ्याच्या चुऱ्याचा चिखल होतो, मग पाणी मुरत नाही."

"तुझी खडी काय सोन्याची रे?" म्हणाला, आणि दुसऱ्याकडून चुरा भरून घेतला.

आज पहाटेच्या पावसात वाटेवरचं सगळं पाणी न मुरता उतारावरून खालच्या घरावर गेलं. मातीची भिंत पडली. तिथे राहणाऱ्या काशीवहिनी तिच्याखाली सापडून गेल्या.

दुपारी सदा आला. "उद्या देवळात गाव याची चौकशी करणार, तेव्हा एवढंच सांग, वाटेखाली काळी खडी आहे. तू सांगितल्यावर कोण खणून बघणार?"

दोन हजार रुपये देत होता. मी घेतले नाहीत.