व्हाय-व्हायचा फॉर्म

मंगळवारी सकाळी माझा भाऊ गेला.

दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. राहत होतो एकाच घरात, पण बोलत होतो दोन भाषा. जेवताना त्याच्या तोंडी रूट कॉज, काय्झेन असले शब्द असत. वरण अळणी झालं तरी त्याला ‘प्रोसेस’ तपासायची असे. मी टोमणे मारायचे.

एकदा तो ग्रीसने माखलेल्या हातांनी घरी आला आणि खुशीत म्हणाला, की आज व्हाय-व्हाय पूर्ण केलं. माल बिघडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि उत्तरं फॉर्मवर लिहायची, ही त्यांच्याकडची रीत.

“मराठीत ‘का’ विचारलं तर तुमचं मशीन ऐकत नाही का?” मी म्हणाले.

“‘का’ विचारलं की माणसं चिडतात, ग्रंथपालबाई. व्हाय-व्हाय म्हटलं की फॉर्म काढतात.”

मी हसले आणि पुस्तकात डोकं घातलं. पुढचं काही विचारलं नाही.

दहाव्यानंतर कारखान्यातली एक बाई भेटायला आली. पेठकडच्या खेड्यातली, मशीनवर काम करणारी. दादा व्हाय-व्हाय पूर्ण करून खुशीत घरी आला त्या दिवशी काय झालं होतं, ते मला तिच्याकडून कळलं. तिच्या मशीनवरचा माल चुकीच्या जागी भोकं पडून परत आला होता. साहेबांनी फॉर्म भरला: भाग उलटा बसवला गेला. का? ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. उरलेल्या रकान्यांत तेच, भारी शब्दांत: अवेअरनेस नाही, ओनरशिप नाही, माइंडसेट नाही. खाली दादाची सही झाली की तिचं काम सुटणार होतं. ती कंत्राटी, आणि घरात कमावणारी तीच.

दादाने सही केली नाही. कोरा फॉर्म घेऊन तो सगळ्यांना मशीनपाशी घेऊन गेला. भाग उलटा बसतोच का? त्याने स्वतः बसवून पाहिला. बसला. भाग उलटा बसू न देणारी पिन झिजली होती. ती का झिजली? कधी बदललीच नव्हती. का नाही? बदलायच्या वस्तूंच्या यादीत ती नव्हती. का नव्हती, हे यादी करणाऱ्या साहेबांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं.

“तुमचे दादा भांडले नाय,” ती म्हणाली. “आवाज पण नाय चढवला. विचारीत राहिले फक्त. लय वेळ.”

व्हाय-व्हाय हा शब्द मला पोकळ वाटायचा. दादाने तो शेवटच्या रकान्यापर्यंत खरा मानला होता.

घरी आता वरण अळणी झालं तरी कोणी काही विचारत नाही. ती पिन यादीत आहे, दर महिन्याला बदलतात. ती बाई त्याच मशीनवर आहे.