दोन ओळींची जीत

गेवराईच्या बाजारात माझी दाढी करणारे न्हावीकाका औरंगाबादच्या छावणीतून रग्बीचं वेड घेऊन आले होते. अंड्यासारख्या चेंडूसाठी झोंबणारे गोरे त्यांनी तिथं पाहिलेले. मी अखबार वाचून दाखवला की ते चिडायचे, "लाटसाहेबाच्या मेजवानीला अर्धं पान, अन् एवढ्या झुंजीला दोन वळी! काहून?"

एकदा मी वाचलं, चिमुकल्या वेल्सनं रग्बीत इंग्लंडला हरवलं. दोनच ओळी. त्यांनी माझा अर्धा गाल तसाच सोडून हलगीवाला बोलावला आणि गावचा पैलवान जिंकल्यासारखी मिरवणूक काढली.

पोलीस ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, आडवे आले. "काय चाललंय?"

"इंग्लंड पडलं, साहेब! अखबारानं दोन वळीत उरकलं. बाकीचं आमी वाजवून सांगतोय!"

अमीनसाहेब हसून बाजूला झाले. अर्ध्या दाढीनिशी सगळ्यात पुढं मीच नाचत होतो.