धावपट्टीच्या अलीकडे

आत्याला काहीही सांगितलं की ती ते आधी परत म्हणायची. "येताना अर्धा किलो पोहे आणा," असं आईने म्हटलं, की आत्या चपला घालता घालता म्हणायची, "अर्धा किलो पोहे. बरोबर?" आई "बरोबर" म्हणेपर्यंत ती उंबरठा ओलांडत नसे. कोणी वारल्याची बातमी आली तरी तेच. "थोरले काका गेले. सकाळी. बरोबर?" बातमी घेऊन आलेला माणूस रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहायचा. माझे बाबा वैतागायचे. ते तिचे धाकटे भाऊ. "अक्का, पोपट हायस काय गं तू?" आत्या शांतपणे सांगायची, "पोपटाला कळत न्हाय तो काय बोलतोय ते. मला कळलंय, हे तुला कळाय नको?"

ती टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होती. गल्लीत तिला ट्रंकबाई म्हणत. आजोबा बिद्रीकडच्या एका खेड्यात मजुरी करायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले जुने देव नदीला दिले आणि मुलीचं नाव शाळेत घातलं. त्यांच्या लेखी ही दोन्ही मिळून एकच काम होतं. त्या शाळेतून आत्या थेट कोल्हापूरच्या टेलिफोन बोर्डासमोर येऊन बसली. कबनूरच्या यंत्रमागवाल्याला मुंबईचा सूतव्यापारी हवा असे, पेठ वडगावच्या अडत्याला सांगलीचा कोणी. आत्या नंबर घ्यायची, परत म्हणायची, जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची. आम्ही लहानपणी विचारायचो, लोक काय बोलतात गं फोनवर? ती म्हणायची, "जोडून दिलं की आपलं काम संपलं. पुढचं त्यांचं ती बोलतील." लग्न का नाही केलंस, असं एका पाहुणीने तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाली, "स्थळ आलं तवा मी ड्युटीवर हुतो." पाहुणीला हसावं की नाही ते कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

घरात "मी आलो गं" म्हणत शिरणारी आत्या फोनवर मात्र वेगळीच बाई असे. आवाज संथ, प्रत्येक आकडा सुटा. मला तो आवाज फार आवडायचा, कारण माझ्याकडे आवाजच नव्हता. मी इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलताना अडखळायचे म्हणून चुलत भावंडं मला 'मॅडम' म्हणायची. मग मी बोलणंच कमी केलं. फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावायचे. आत्याच्या हे लक्षात आलं होतं. "तोंडातल्या तोंडात काय बोलतीयास?" ती म्हणायची. "मोठ्यानं नको बोलू. पण बोललीस तर सगळं बोल. अर्ध्यात सोडू नको."

मग गल्लोगल्ली एसटीडीची बूथं निघाली. लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले आणि ट्रंकचा बोर्ड बंद झाला. आत्याला तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिथे ती सवयीने म्हणायची, "फोन बंद आहे. चार दिवसांपासून. बरोबर?" खिडकीबाहेरचा माणूस भडकायचा, "बरोबर काय बरोबर, बाई? चालू करा की!" संध्याकाळी घरी आली की ती दिवा न लावता बाहेरच्या खोलीत बसून राहायची. आई दिवा लावायची, तेव्हा आत्या म्हणायची, "लावलास? बरं झालं." त्या दिवसांत तिची नजर कडांनी जायला लागली असावी. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

मी कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी कॉम्प्युटर घेतला. जोडायला आलेल्या माणसाने जाताना विमान चालवायचा एक गेम टाकून दिला. मी तो लावला, पण मला उडताच येईना. उडायचं पुढे, आधी धावपट्टीच सापडेना. अमेरिकेतलं कुठलंसं मोठं विमानतळ, त्यात रस्त्यांचं जाळं. माझं विमान गवतात जायचं, नाहीतर इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभं राहायचं. विमानांना वाट सांगणारा टॉवरमधला माणूस इंग्रजीत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

आत्या अंधारातून उठून दारात आली. "कोण बोलतंय गं?"

"कोणी नाही. कॉम्प्युटर."

"न्हाय न्हाय. ड्युटीवरचा माणूस हाय त्यो. काय म्हणतोय?"

मी हळू आवाजात सांगितलं, "धावपट्टी पंचवीस. ए नावाच्या रस्त्याने जा. धावपट्टीच्या अलीकडे थांबा."

"आणि तू काय सांगितलंस त्याला?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. एक बटण दाबलं की आपल्या वैमानिकाने ते सगळं वाक्य परत म्हणायचं असतं, हे मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग काय, म्हणून मी दाबत नसे. मी तिला ते दाखवलं. वैमानिकाने टॉवरचे शब्द जसेच्या तसे परत म्हटले. आत्या खुर्ची ओढून बसली.

"हितं परत म्हणावंच लागतंय?"

"हो. नाही म्हटलं तर तो विचारत राहतो."

आत्या हसली. बोर्ड बंद झाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "बघ," ती म्हणाली, "सांग जा तुझ्या बापाला."

त्यानंतर संध्याकाळची ती खुर्ची तिची झाली. इंग्रजी आकडे तिचे पक्के होते. बाकीचं मी सांगायचे. ती बटण दाबायचीच, शिवाय स्वतःच्या फोनवरच्या आवाजात म्हणायची, "धावपट्टी पंचवीस, ए रस्त्याने, अलीकडे थांबते." विमान ती माणूस चालावा तितक्या संथपणे न्यायची. रस्त्याच्या डाव्या हाताला काळ्या-पिवळ्या पाट्या असायच्या, त्या एकेक वाचत. मी घाई केली तर म्हणायची, "वाट चुकल्यावर जोरात जाऊन काय करतीस?"

एकदा ती अडली. ज्या पट्टीला पंचवीस म्हणतात तिच्याच दुसऱ्या टोकाला सात लिहिलेलं होतं. "एका रस्त्याला दोन नंबर? आमच्यात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता." मी माहिती वाचून सांगितलं, की विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उडावं लागतं, वारा ज्या बाजूने असेल त्याप्रमाणे टॉवर टोक ठरवतो. आत्या गच्चीवर गेली आणि दोरीवरच्या साड्या कुठे उडतायत ते बघून खाली आली. "म्हंजे नंबर रस्त्याचा न्हाय," ती म्हणाली. "तोंड कुठं करून हुबं ऱ्हायाचं, त्याचा हाय."

पट्टीच्या अलीकडची रेघ आली की ती थांबायची आणि हात काढून घ्यायची. "जोडून दिलं. आता तू जा." तिला उडण्यात काडीचा रस नव्हता. मी विमान वर न्यायचे, विमानतळाशेजारच्या तळ्यावर एक चक्कर मारायचे आणि बहुधा आपटायचे. तोवर आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला गेलेली असायची.

एका रविवारी ती मला लूनावर मागे बसवून उजळाईवाडीला घेऊन गेली. खरी धावपट्टी बघायची होती तिला. फाटकावरचा माणूस म्हणाला, "पावणं, आज विमान न्हाय."

"मग कधी असतंय?"

"येतंय की कवातरी."

कुंपणाबाहेरून लांबवर एक करडी पट्टी दिसत होती, आकडे काही दिसेनात. आत्या तरी बराच वेळ उभी होती. वाऱ्याकडे तोंड करून. परतताना रस्त्याच्या डाव्या कडेला उसाचा रस विकणाऱ्याचा गाडा उभा होता. आत्याने लूना सरळ त्याच्या चाकाला नेऊन धडकवली. लागलं फारसं नाही. रसवाला ओरडला, "बाई, डोळं हायत का बटणं?" आत्या नेहमीप्रमाणे ते परत म्हणाली नाही. कपडे झटकत एवढंच म्हणाली, "गाडा आत्ता आला मधे." गाडा हललेला नव्हता.

तेव्हापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले. गेममध्ये आता ती डावीकडची वळणं सोडून पुढे जायची आणि म्हणायची, "रस्ते बदलल्यात ह्यांनी." रस्ता दाखवणारे बाण त्या गेममध्ये चालू करता येतात. मी ते चालू केले. जमिनीवर भडक रंगाचे, एकामागे एक. बाण डावीकडे वळले. आत्या सरळ गेली, गवतात. मी तिच्या डाव्या कानाजवळ, जरा पुढे, हात धरला आणि बोटं हलवली. ती पडद्याकडेच बघत राहिली.

"आत्या, माझा हात दिसतोय?"

"कुठाय?" तिने मान वळवली आणि दचकली. "दिसतंय की मला. समोरचं सगळं दिसतंय."

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. गाडा, पाट्या, बाण, हात. अर्ध्यात न सोडता. त्या घरात मी सलग इतकी वाक्यं बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला. आत्या मान खाली घालून ऐकत होती आणि शेवटी हळूच म्हणाली, "बरोबर."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. दुखत नाही, कडेकडेने नजर खातो, समोरचं शेवटी नेतो. आत्याने त्यांचं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग तिचा तो फोनवरचा आवाज लागला. "गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालून उरलेली टिकवायची. टिकेलच असं नाही. बरोबर?" डॉक्टर कागदावर काही लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर," ते म्हणाले. परतताना रिक्षात बाबा रडले. आत्या रडली नाही.

उरलेली टिकली नाही. एक ऑपरेशन झालं, तरीही नाही. लूना विकली, नोकरी मुदतीआधीच सुटली. ती पुन्हा बाहेरच्या खोलीत बसू लागली. आता दिवा लावला काय आणि नाही काय. एका संध्याकाळी मीच तिचा हात धरून खुर्चीवर बसवलं आणि बोटं बटणांवर ठेवली.

"आता काय कळणार मला?"

"मी सांगते."

टॉवर काय म्हणाला ते मी मराठीत सांगितलं. मग पडद्यावरचं सांगू लागले. "सरळ. अजून सरळ. डावीकडे वळ. पुरे. पुढे पाटी आहे, ए." आत्या प्रत्येक शब्द परत म्हणायची आणि मगच बोट दाबायची. माझा आवाज सुरुवातीला नेहमीसारखा विरत होता. "ऐकू आलं न्हाय, पुन्हा सांगा," ती म्हणाली, चक्क अहोजाहो करत, फोनवर म्हणायची तशी. मी पुन्हा सांगितलं. विमान कधी गवतात गेलं, कधी मागे वळवावं लागलं. पण रेघ आली.

"थांब. धावपट्टीच्या अलीकडे."

"अलीकडे थांबले," आत्या म्हणाली आणि हात काढून घेतले.

असं आमचं काही वर्षं चाललं. मग मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या सकाळी मी दारात बॅग घेऊन उभी होते आणि मला निघता येत नव्हतं. थेंबांची निळी बाटली सकाळी, पांढरी रात्री, न्हाणीघराची पायरी उजवीकडे, असं मी सांगत सुटले. आत्या एकेक परत म्हणत होती. सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिने हात पुढे केला आणि माझा चेहरा सापडेपर्यंत हवेत चाचपडला. "जोडून दिलं," ती म्हणाली. "आता तू जा."

मी गेले. माझी नोकरी फोनवर बोलायची आहे. मी लोकांचं बोलणं परत म्हणते, बरोबर का विचारते. काही जण चिडतात.

दुसऱ्या वर्षी बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. बाबा नेहमी गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. त्या दिवशी आवाज अगदी खाली होता. "अक्का गेली गं. पहाटं. झोपेतच."

"आत्या गेली," मी म्हणाले. "पहाटे. झोपेत."

पुढचा शब्द माझ्या तोंडून निघेना. बाबा पलीकडे थांबले होते. त्यांच्या मागे घरात जमलेल्या माणसांचे आवाज येत होते. फोन कोणीच ठेवला नाही.

मग ते म्हणाले, "व्हय पोरी. बरोबर."