आत्याने पाळलेली अळी

बेकरीतल्या आत्याचं अळ्यांशी हाडवैर. पीठ आलं की ती आधी चाळण घेऊन बसायची. पोत्यात एखादी अळी सापडलीच, तर पीठवाल्याची खैर नसायची. धाकटा भाऊ भट्टी सांभाळायचा, ती गल्ला. त्याची मुलं आत्या म्हणायची, म्हणून ती साऱ्या गल्लीचीच आत्या झाली होती.

एकदा दुकानाच्या खिडकीतल्या गुलाबाची वाळकी काडी मोडायला तिने हात घातला, आणि काडी बोटांत वळवळली. करडी-तपकिरी साल, गाठीसुद्धा हुबेहूब काडीच्या. आत्या हरखलीच. "मला फसवलंस होय गं?" म्हणाली. केकच्या जुन्या डब्यात तिने ओली माती भरली, गुलाबाच्या डहाळ्या खोचल्या, अळी आत सोडली आणि वर जाळी झाकली.

भावाने कपाळावर हात मारला. "ताई, जन्मभर चाळण्या घासल्यास आणि आता अळी पाळतेस?"

"ही पीठ नाही खात, पानं खाते."

अळीला मधल्या अंगाला पायच नव्हते. पुढून पकड घ्यायची, मागचं अंग ओढून आणायची, पाठीची कमान व्हायची, की पुन्हा पुढे. आत्या बघत बसली की पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही वाकून बघायचं.

मग अळीने खाणं सोडलं आणि ती मातीत शिरली. मेली असेल असं आत्याला वाटलं, पण माती टाकवेना. हळूच उकरून पाहिलं, तर आत चकचकीत तपकिरी कोष. पुढे एका दुपारी भाऊ डब्यात पाणी शिंपडताना दिसला.

"काय रे?"

"माती सुकलीय," तो नजर चुकवत म्हणाला.

एका सकाळी पतंग बाहेर आलेला होता. तपकिरी, पंख वाळक्या पानासारखे सपाट पसरलेले, त्यांवर गडद नागमोडी रेघा.

"जरा जास्त भाजलाय," भाऊ म्हणाला. आत्याला हसू आवरेना.

दिवसभर पतंग हलला नाही. दिवेलागणीला आत्याने डबा खिडकीत नेऊन जाळी काढली. पंख थरथरले, आणि रस्ता ओलांडून तो समोरच्या झाडात दिसेनासा झाला. आत्याला जागचं हलवेना. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. भावाने पिठाचे हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो भट्टी सोडून गल्ल्यावर आला.

"ताईला राहू द्या जरा," तो म्हणाला. "काय हवं ते मला सांगा."