माझ्या हातची पट्टी

आखाडा बाळापूरला आमचा दवाखाना पुढे आणि घर मागे. मधे एक दार, त्याला पडदा. नवीन दवाखाना थाटला तेव्हा मला ही मोठी सोय वाटली होती. भाजी फोडणीला टाकायची आणि दोन पेशंट तपासून यायचं, असा माझा बेत. कसलं काय. माझी भाजी करपते आणि पेशंटच मला सांगतात, "बाई, जळाल्याचा वास येऊन राहिला बरं का."

रविवारी दवाखाना बंद, असं पाटीवर ठळक लिहिलंय. पाटी वाचतं कोण? शटर पाडलं की लोक मागच्या दारी येतात. एका रविवारी यांनी शक्कल लढवली. हे शाळामास्तर, सुट्टीचं मोल यांना माझ्यापेक्षा जास्त. मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, फिरून पुढे आले आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले. टीव्ही बंद, बोलणं कुजबुजत. आपल्याच घरात आम्ही चोरासारखे बसलो. अकराला कुकरची शिट्टी झाली आणि पाच मिनिटांत मागचं दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर खोकणारं लेकरू कडेवर घेऊन एक बाई उभी होती. "कुलूप हाय खरं, पण शिट्टी झाली. म्हणलं बाई घरीच हायेत." यांनी डोक्याला हात लावला आणि मी शटर वर केलं.

लोक एवढे मागे का लागतात, तर माझ्या हाताला गुण आहे म्हणे. गावात दुसरे डॉक्टर आहेत. चौकातला तरुण डॉक्टर तर माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. पण एकदा एखाद्याच्या हाताला गुण चिकटला की सुटत नाही. मी वैतागते, चारचौघांत कुरकुर करते. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचंसुद्धा.

मेंढ्या राखणारे एक मामा माझ्याकडे यायचे. साठीच्या पुढचे, शुगर असलेले. पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला आणि मामांना पत्ताच नाही. शुगरनं तळपायाची जाणीव गेलेली. दोन दिवस काटा पायात घेऊन माणूस मेंढरांमागे चालत होता. मी जखम साफ करून पट्टी बांधली, एक दिवसाआड यायला सांगितलं. पुढच्या वेळी पट्टी सोडली तर आत हळद आणि तंबाखूचा लगदा. वाटेत कुणा जाणत्यानं पट्टी सोडून तो भरला होता. माझं डोकं फिरलं. सगळ्या पेशंटांसमोर मी त्यांना झापलं, "मामा, पाय ठेवायचाय का कापायचाय? ही पट्टी माझ्याशिवाय कुणी सोडायची नाही. कुणी म्हणजे कुणी नाही."

"व्हय बाई," मामा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एक खाडा केला नाही. कळप बायकोवर सोपवून टमटमनं यायचे, टेबलावर पाय लांब करायचे आणि छताकडे बघत पडायचे. महिन्याभरात जखम लालसर, स्वच्छ झाली, कडा आत येऊ लागल्या. पाय वाचणार होता. मेंढरांमागे चालणाऱ्याला पाय म्हणजे सगळंच. मी तसं म्हणाले तेव्हा मामा लाजल्यासारखे हसले.

दिवाळीच्या सुट्टीत यांनी मला न विचारता कोकणची तिकिटं काढली. लग्नानंतर दोघांनी मिळून गावच सोडलं नव्हतं, लग्नकार्य आणि मयती सोडल्या तर. मी आढेवेढे घेतले. हे म्हणाले, "तू मेलीस तर लोक दुसरा डॉक्टर शोधतील. मग जिवंत असताना आठ दिवस शोधू दे की." मी बॅग भरायला घेतली.

मी सगळं रीतसर केलं. चौकातल्या डॉक्टरला भेटले, एकेका पेशंटची माहिती दिली. मामांचा पाय त्याला नीट समजावला. मामांनाही समोर बसवून सांगितलं, "आठ दिवस मी नाही. चौकातल्या डॉक्टरांकडं जायचं, न चुकता."

"व्हय बाई."

समुद्रावर पहिले दोन दिवस माझा फोन खणाणतच होता. कुणाचा ताप, कुणाची गोळी सकाळची की संध्याकाळची. तिसऱ्या दिवशी यांनी फोन बंद करून बॅगेच्या तळाला घातला. मी भांडले. दुपारी झोपले. वाळूत बसून शेंगा खाल्ल्या आणि तासभर मला कुणी हाक मारली नाही. फार सुख वाटलं. असं आधीच का केलं नाही म्हणून मी स्वतःवर चिडलेसुद्धा.

परत आल्यावर सकाळी शटर उचललं. बाहेर नंबर लावून चपला मांडलेल्या. बाकावर पहिले मामाच होते. पायाला पट्टी, पट्टीवर प्लास्टिकची पिशवी, तिला सुतळी. मी जवळ जायच्या आधीच वास आला.

"बाई, कुणाला हात लावू देला न्हाई," मामा म्हणाले. चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"डॉक्टरकडं गेला नाहीत?"

"गेलतो की. तुमी म्हणल्या जा, म्हणून गेलो. ते कात्री घेऊन आले. म्या म्हणलं, बाईबिगर कुणी सोडायची न्हाई, तसं बाईनं बजावून सांगलंय. त्यांनी लई समजावलं. तुमाला फोन बी लावला, तर बंद. मग आलो परत. पट्टी भिजू नाही म्हणून पिशवी बांधली."

दोन्ही शब्द त्यांनी पाळले होते. चुकले असते तर मी ओरडले तरी असते. ओरडायला मला जागाच नव्हती. मी सुतळी कापली. पट्टी मांसाला चिकटली होती. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि मामांना काहीच दुखत नव्हतं. ते नेहमीसारखे छताकडे बघत होते. मी पाठ फिरवून हात धूत राहिले. त्याच दुपारी त्यांना नांदेडला पाठवलं. तिथं दोन्ही बोटं आणि पायाचा पुढचा तुकडा काढावा लागला.

फोन बंद केला म्हणून यांना मी दोष दिला नाही. त्यांनीही समुद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. पण रात्रंदिवस माझ्या मनात एकच चाललं होतं. दुसऱ्या डॉक्टरचं दार मामांना मीच बंद केलं होतं. 'माझ्याशिवाय कुणी नाही' हे मीच म्हणाले होते, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

महिन्याभरानं मामा आले. हातात काठी, सोबत बायको. कळप आता पुतण्याकडे राखायला दिलाय म्हणाल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी राहिलेली जखम गावातच साफ करायला सांगितली होती. मी मनाशी पक्कं केलं होतं. मामांच्या बायकोला हातमोजे घालायला लावले, पट्टी कशी सोडायची ते दाखवलं. मग मामांना सावकाश म्हणाले, "मामा, आता ही पट्टी या सोडतील. चौकातले डॉक्टर सोडतील. कुणीही चालेल. माझ्याकडंच यायचं असं काही नाही."

मामांनी टेबलावर ठेवलेला पाय हळूच मागे घेतला.

"काहून बाई? माझं काही चुकलं का?"

मामांच्या बायकोनं हातमोजे काढून माझ्यापुढे ठेवले. मी मामांचा पाय परत टेबलावर घेतला आणि कात्री उचलली.